छताखाली निळा ठिपका का गोंधळतो?

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात, अर्बाना नावाच्या गावात, मक्याचं एक छोटंसं शेत आहे. त्याचं नाव 'मॉरो प्लॉट्स'. १८७६ सालापासून तिथे शेतीचे प्रयोग चालू आहेत. विद्यापीठाला या शेताच्या अगदी शेजारी विद्यार्थ्यांसाठी नवं ग्रंथालय बांधायचं होतं. पण इमारत उभी राहिली की तिची सावली मक्यावर पडणार, आणि सावली पडली की इतक्या वर्षांचे प्रयोग बिघडणार. मग काय केलं असेल? शेत हलवलं? छे! ग्रंथालयच जमिनीखाली बांधलं. चक्क दोन मजले, तेही खाली. १९६९ साली ते सुरू झालं आणि २०२२ पर्यंत विद्यार्थ्यांनी गजबजलेलं होतं.

मला ही हकिकत फार आवडते. मक्याच्या रोपांना ऊन मिळावं म्हणून पुस्तकं जमिनीखाली राहायला गेली!

आता तुम्ही त्या ग्रंथालयात उभे आहात असं धरून चला. पुस्तक हवंय. तिथल्या संगणकावर, म्हणजे ओपॅकवर, तुम्ही त्याचं नाव टाकलंत. संगणकाने पुस्तकाचा नंबर सांगितला, पुस्तक आत आहे असंही सांगितलं. इथवर छान. मान वर करून बघता तर मांडण्यांमागे मांडण्या, दोन मांडण्यांत जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, आणि सगळ्या वाटा सारख्याच. फोन काढून नकाशा उघडावा, तर आपण कुठे आहोत ते दाखवणारा निळा ठिपका शेजारच्या मक्यात जाऊन उभा!

गंमत बघा. पुस्तक कुठे आहे हे ग्रंथालयाला पक्कं ठाऊक असतं. तुम्ही कुठे आहात हे मात्र तिथे कुणालाच ठाऊक नसतं. पुस्तकापर्यंत पोचवायचं तर आधी वाचकालाच शोधायला हवं. गेली वीसएक वर्षं जगातल्या काही विद्यापीठांची ग्रंथालयं याच्याच मागे लागलेली आहेत.

आधी हे बघू, की तो निळा ठिपका उघड्या रस्त्यावर इतका हुशार कसा असतो.

जीपीएसचे उपग्रह आपल्या डोक्यावर साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकाजवळ अतिशय अचूक घड्याळ असतं आणि तो सारखा एकच घोष करत असतो : मी अमुक उपग्रह, आत्ता माझ्याकडे इतके वाजले. हा संदेश रेडिओलहरींवर बसून प्रकाशाच्या वेगाने खाली येतो. त्याला यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी, यावरून फोन त्या उपग्रहाचं अंतर काढतो. असे निदान चार उपग्रह मिळाले की फोनची जागा पक्की होते. तुमच्या मनात येईल, जागा ठरवायला चार कशाला, तीन पुरेत की! पण फोनमधलं घड्याळ साधं असतं, आणि सेकंदाच्या एक लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३ किलोमीटरने चुकतं. चौथा उपग्रह ती घड्याळाची चूक पकडायला लागतो.

इतक्या लांबून आलेला हा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत अगदी क्षीण झालेला असतो. खोलीत लावलेल्या वाय-फायच्या मानाने तो साधारण दहा कोटीपटीने दुबळा असतो. झाडाच्या पानांनीही त्याला अडथळा होतो, तर सिमेंट आणि लोखंडाच्या स्लॅबपुढे त्याचा काय टिकाव लागणार? आपल्या इस्रोने नाविक ही उपग्रहांची व्यवस्था उभारली आहे. तिलाही छताखाली हीच अडचण येते. आणि समजा, थोडासा संदेश खिडकीतून आत शिरलाच, तरी पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतं. रस्त्यावर तेवढं चालून जातं. ग्रंथालयात पाच मीटरची चूक म्हणजे तुम्हाला हवी होती पक्ष्यांची पुस्तकं आणि तुम्ही पोचलात गणिताच्या मांडणीत.

आता अर्बानाहून थेट उत्तर युरोपात, फिनलंडमधल्या ओउलू शहरात जाऊ या. बोथनियाच्या आखाताच्या वरच्या टोकाजवळ हे शहर आहे. इतकं उत्तरेला, की डिसेंबरात सूर्य जेमतेम साडेतीन तास दिसतो. रेडिओलहरी आणि फोन यांवर काम करणारी माणसं तिथे भरपूर, कारण नोकिया कंपनीचं संशोधन तिथे चालायचं. इंटरनेटवर अनेकांनी मिळून गप्पा मारायची 'आयआरसी' नावाची पद्धत १९८८ साली याच ओउलू विद्यापीठात जन्मली. तर या विद्यापीठातल्या काही संशोधकांनी 'स्मार्टलायब्ररी' नावाची सेवा तयार केली आणि २००३ साली इटलीतल्या एका परिषदेत ती जगासमोर मांडली.

२००३! तेव्हा आयफोन नव्हता, तो आला २००७ मध्ये. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ चा. ओउलूच्या वाचकाच्या हातात असायचा पीडीए, म्हणजे पेनासारख्या काडीने टोचून चालवायचा तळहाताएवढा संगणक. त्यावर पुस्तक शोधायचं. मग पडद्यावर ग्रंथालयाचा नकाशा यायचा, त्यावर पुस्तकाची मांडणी दिसायची आणि तुम्ही कुठे आहात तेही दिसायचं. यासाठी पुस्तकांना काहीही चिकटवलं नव्हतं. इंटरनेटसाठी ग्रंथालयात वाय-फाय होतंच, त्याच्याच लहरींवरून वाचकाची जागा ओळखली जायची.

कशी? इथे खरी मजा आहे, तेव्हा जरा थांबू या.

घरात डोळे मिटून उभे राहा. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी, हॉलमधला टीव्ही आणि बाहेरचा रस्ता, असे तीन आवाज येतायत. शिट्टी कानठळ्या बसवणारी, टीव्ही मध्यम आणि रस्ता अगदी पुसट ऐकू आला, तर तुम्ही डोळे न उघडता सांगाल की मी स्वयंपाकघराच्या दारात आहे. तुम्ही अंतर मोजलं नाहीत. तिन्ही आवाजांचं लहानमोठेपण तुमच्या ओळखीचं होतं, एवढंच.

फोन वाय-फायच्या बाबतीत नेमकं हेच करतो. ग्रंथालयात छताला ठिकठिकाणी वाय-फायची यंत्रं लावलेली असतात. प्रत्येक यंत्र आपलं नाव पुकारत असतं. फोन प्रत्येकाची ताकद मोजतो. ती डीबीएम नावाच्या मापात मोजतात आणि आकडे उणे असतात. उणे ४० म्हणजे जोरदार, उणे ८० म्हणजे अगदीच मंद. या मापाची एक गंमत लक्षात ठेवा : आकडा १०ने खाली गेला की ताकद एकदम दहावा भाग उरते. म्हणजे उणे ५० पेक्षा उणे ७० हे थोडंसं कमी नाही, शंभर पटीने कमी आहे.

आता समजा, ग्रंथालयातल्या माणसांनी आधीच सगळीकडे फिरून नोंदी करून ठेवल्या. खिडकीजवळच्या मांडणीपाशी तीन यंत्रांचे आकडे आले उणे ४५, उणे ६२, उणे ७८. दाराजवळ आले उणे ७०, उणे ४८, उणे ६६. तुम्ही फोन घेऊन आत आलात आणि फोनला मिळाले उणे ४७, उणे ६०, उणे ८०. सांगा बरं, तुम्ही कुठे आहात? वजाबाकी करून बघा. खिडकीच्या आकड्यांशी फरक पडतो २, २ आणि २. दाराच्या आकड्यांशी फरक येतो २३, १२ आणि १४. उत्तर मिळालं! प्रत्येक जागेचा असा आकड्यांचा ठसा असतो, आणि फोन तुमच्या ठशाशी सगळ्यांत जवळ जाणारा ठसा शोधतो. इतकं साधं गणित आहे हे.

ही युक्ती जगाला दाखवली ती २००० साली, मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन या दोघांनी. त्यांनी आपल्या ऑफिसच्या एका मजल्यावर ७० जागा निवडल्या आणि प्रत्येक जागेवर ताकद मोजली. पण एकाच दिशेला नाही, चारही दिशांना तोंड करून! एकाच जागेवर नुसतं वळून उभं राहिलं तर आकडा का बदलावा?

कारण मध्ये माणूस येतो. आपल्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि वाय-फायच्या लहरी पाणी बऱ्यापैकी शोषून घेतं. फोन छातीशी धरून तुम्ही यंत्राकडे पाठ केलीत, की तुमचं शरीरच भिंत होतं. हे घरी करून बघता येईल. वाय-फायची ताकद आकड्यांत दाखवणारी ॲप मिळतात. आई-बाबांना विचारून त्यांच्या फोनवर असं एक ॲप घ्या. राउटरकडे तोंड करून आकडा लिहा, मग जागा न सोडता वळा आणि पुन्हा लिहा. जमलं तर घराचाच नकाशा काढून प्रत्येक खोलीच्या चार कोपऱ्यांचे आकडे भरा. मग भावंडाला फोन घेऊन कुठेही उभं राहायला सांगा, त्याने नुसते आकडे ओरडायचे आणि तुम्ही न बघता जागा ओळखायची. दोन शेजाऱ्यांचे वाय-फाय दिसत असतील तर त्यांचेही आकडे घ्या. आकडे जितके जास्त, तितका ठसा पक्का.

यातून एक भारी अडचण निघते. ग्रंथालयाचा नकाशा केला मे महिन्याच्या सुट्टीत, हॉल रिकामा असताना. मग आली परीक्षा. हॉलमध्ये शेकडो मुलं येऊन बसली, म्हणजे शेकडो पाण्याचे खांबच उभे राहिले. सगळे आकडे बदलले! पुस्तकांनी भरलेली लोखंडी मांडणी एका जागेवरून दुसरीकडे सरकवली, तरी तेच. म्हणून असे नकाशे पुन्हा पुन्हा करावे लागतात, आणि माझ्या मते हेच या कामातलं सगळ्यांत चिकाटीचं काम आहे. ॲप बनवणाऱ्याचं कौतुक होतं, पण दर काही महिन्यांनी फोन हातात धरून मांडणी-मांडणीपाशी थांबत, आकडे गोळा करत हिंडणाऱ्याशिवाय ते ॲप चालत नाही.

आणि मजला? पहिला की तिसरा? काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा इवलासा बॅरोमीटर असतो. साधारण ८ मीटर वर चढलं की हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने कमी होतो. समुद्रसपाटीला तो असतो सुमारे १०१३, त्यातला एक! एक मजला चढलो तर जेमतेम अर्धा. तरी फोनला तो कळतो. तुम्ही जिना चढताय हे त्याला हवा सांगते.

ओउलूत आणखी एक अफलातून कल्पना निघाली. लोखंडाची. होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते, हे आपण शाळेत शिकतो. पण होकायंत्र लोखंडी कपाटाजवळून हळूहळू सरकवत न्या. सुई डुलायला लागेल. कपाटाच्या एका कोपऱ्यापाशी एकीकडे वळेल, बिजागरीपाशी दुसरीकडे. लोखंडामुळे तिथलं चुंबकीय क्षेत्र वेडंवाकडं झालेलं असतं. तोवर सगळे म्हणायचे, इमारतीत होकायंत्र चुकतं, त्याचा काही उपयोग नाही. ओउलू विद्यापीठातल्या यान्ने हावेरिनेन या संशोधकाने उलटा विचार केला. चुकतं ना? पण प्रत्येक जागी वेगळं चुकतं! खांबातल्या सळया, दारं, लिफ्ट, लोखंडी मांडण्या, या सगळ्यांमुळे इमारतीच्या प्रत्येक भागाला आपला असा चुंबकीय ठसा असतो. फोनमध्ये दिशा दाखवण्यासाठी चुंबकीय क्षेत्र मोजणारा भाग असतोच. तो घेऊन चालत राहिलं की त्या चढउतारांवरून जागा ओळखता येते. यातूनच २०१२ साली ओउलूत 'इंडोरॲटलस' ही कंपनी सुरू झाली. जी गोष्ट सगळे चूक म्हणून टाकून देत होते, तिचाच नकाशा झाला. हे वाचलं तेव्हा मी लगेच होकायंत्र घेऊन कपाटापाशी गेले. तुम्हीही जा.

आता परत अर्बानाला, जमिनीखालच्या त्या ग्रंथालयात. तिथले तेव्हाचे ग्रंथपाल जिम हान आणि त्यांच्या सोबत्यांनी 'मिनर्व्हा' नावाचं फोनवरचं ॲप केलं. ते पुस्तकाची मांडणी नकाशावर दाखवायचं. पण हान यांना आणखी एक प्रश्न पडला होता. वाचक मांडणीपर्यंत पोचला, छान. समोर त्या विषयाची पुस्तकं दिसतायत, तीही तो चाळेल. पण जी पुस्तकं तिथे दिसतच नाहीत, त्यांचं काय? सगळ्यांत चांगलं पुस्तक बहुतेक वेळा कुणीतरी घरी नेलेलं असतं. फळीवर ते नसतं, म्हणजे ते जगात आहे हेच नव्या वाचकाला कळत नाही.

म्हणून २०१५च्या सुमारास त्यांनी 'टॉपिक स्पेस' नावाची सोय केली. यात जागा ओळखायला वाय-फाय नको, चुंबक नको. फोनचा कॅमेरा समोरच्या कोणत्याही पुस्तकाच्या पाठीवर धरायचा. फोन त्या पाठीवरच्या चिठ्ठीतला नंबर वाचतो आणि तेवढ्यावरून ओळखतो की तुम्ही कुठल्या विषयापाशी उभे आहात. मग तो सांगतो : या फळीवर एरवी ही-ही पुस्तकं असतात, सध्या बाहेर गेली आहेत, आणि याच विषयाची ही आणखी पुस्तकं दुसरीकडे ठेवली आहेत.

या सगळ्या युक्त्यांत हीच माझी सर्वांत लाडकी आहे. कारण ती चिठ्ठी कुठल्याही उपग्रहापेक्षा जुनी. मेल्विल ड्यूई यांनी दशांश वर्गीकरण छापलं ते १८७६ साली, बरोबर मॉरो प्लॉट्समध्ये पहिलं पीक घेतलं त्याच वर्षी. आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत हीच पद्धत आहे. एकदा जाऊन बघा. ५०० पासून विज्ञान, ५२० ला खगोलशास्त्र, ५९८ ला पक्षी, ८०० पासून साहित्य. आणि ८९१.४६ दिसलं की समजा, तुम्ही मराठी साहित्यापाशी उभे आहात. बॅटरी लागत नाही, गर्दीने आकडा बदलत नाही, परीक्षा असो की सुट्टी.

ग्रंथालयाने वाचकासाठी एवढी धडपड का करावी, याचं उत्तर आपल्याच देशातल्या एका माणसाने देऊन ठेवलं आहे. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले. त्यातला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. त्यांच्या वेळी फोन म्हणजे भिंतीजवळ तारेने बांधलेली वस्तू होती. पण वाचक मांडण्यांत भटकतोय आणि त्याचा वेळ चाललाय, ही तळमळ तीच.

एक गोष्ट मात्र मोठ्यांनी विसरू नये. फोनला तुमची जागा कळणं वेगळं आणि ती कुणीतरी लिहून ठेवणं वेगळं. कोण कुठल्या पुस्तकापाशी किती वेळ उभा होता, याची यादी ग्रंथालयाने ठेवायचं काही कारण नाही. मुलांना सुद्धा काय वाचावं हे गुपचूप ठरवण्याचा पूर्ण हक्क आहे. काही ग्रंथालयं बीकन नावाचे छोटे डबे भिंतीला लावतात. ते ब्लूटूथवरून नुसता आपला नंबर सांगत राहतात. ऐकणारा फोन कुणाचा, हे त्या डब्याला कळतच नाही. जागा ओळखायचं गणित फोनमध्येच झालं आणि फोनमध्येच राहिलं, तर माझी काही हरकत नाही. ॲपने ते गणित बाहेर पाठवलं तर आहे.

आणि आता शेवटची अडचण. ती इतके हुशार फोनसुद्धा सोडवू शकलेले नाहीत. फोन तुम्हाला ५९८ पाशी बरोबर नेऊन उभं करतो. नंबर बरोबर, फळी बरोबर, पुस्तक देवघेव विभागातून बाहेर गेलेलं नाही. आणि तरीही फळीवर पुस्तक नाही! कुणीतरी ते चाळलं आणि ५९८ च्या ऐवजी ९५८ मध्ये खोचून ठेवलं. संगणकाच्या लेखी पुस्तक घरीच आहे. आता ते सापडायचं तर एक रस्ता असा, की माणसाने ओळीने एकेक नंबर वाचत जायचं. दुसरा रस्ता आरएफआयडीचा. पुस्तकात एक पातळ चिप चिकटवलेली असते, तिच्यात बॅटरी नसते. हातातलं यंत्र फळीजवळून फिरवलं की त्या यंत्राच्याच लहरींतून ऊर्जा घेऊन चिप आपला नंबर सांगते, आणि चुकीच्या जागचं पुस्तक पकडलं जातं. पण त्यासाठीही कुणाला तरी यंत्र घेऊन प्रत्येक फळीपुढून चालावं लागतं.

म्हणूनच ग्रंथालयाच्या टेबलांवर ती पाटी असते, 'पुस्तके वाचून झाल्यावर टेबलावरच ठेवावीत'. पुस्तक परत जागेवर ठेवून आपण मदत करतोय असं आपल्याला वाटतं. टेबलावर राहिलेलं पुस्तक संध्याकाळपर्यंत आपल्या फळीवर पोचतं. चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक कधीकधी वर्षभर मिळत नाही.